पहिला नंबर आमचा, कप मात्र त्यांचा!

बालदोस्तांनो, फुटबॉलवेडी मुलं आम्हां शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात. "बाई, वर्षभर आपलाच संघ पुढे होता ना? मग कप दुसऱ्यांनी कसा नेला?" प्रश्न दिसायला साधा, पण त्यात थोडं गणित आहे, थोडा इतिहास आहे आणि बरीचशी हळहळ आहे. या आठवड्यात आपण त्याचंच उत्तर शोधू या.

मी गोव्याची, तेव्हा माझा संघ कोणता हे वेगळं सांगायला नकोच. एफसी गोवा! नारिंगी जर्सी, मडगावचं फातोर्डा स्टेडियम आणि बोधचिन्हावर ऐटबाज गवा. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, म्हणून या संघाला 'गॉर्स' असं टोपणनाव पडलं. प्रेक्षक 'फोर्सा गोवा!' अशी आरोळी ठोकतात. 'फोर्सा' हा पोर्तुगीज शब्द बरं का. त्याचा अर्थ बळ, जोर. आमच्याकडे भातकापणी झाली की मोकळ्या शेतात चेंडू उडू लागतो. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही जुनी नावं घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. बघा कशा गप्पा सुरू होतात! २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल सुरू झाली आणि त्याच वर्षी एफसी गोवाचा जन्म झाला. तेव्हापासून आम्ही जीव मुठीत धरून सामने पाहतो आहोत!

दोन परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शाळेत घटक चाचण्या असतात आणि वार्षिक परीक्षाही असते. आयएसएलच्या पहिल्या अकरा हंगामांत, म्हणजे २०१४ ते २०२४-२५ या काळात, तसंच होतं. आधी साखळी सामने. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळणार, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्यांच्या घरी. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलात तर भोपळा. ही झाली चाचणी परीक्षा. त्यातले वरचे संघ पुढच्या फेरीत जायचे. पूर्वी चार संघ जायचे, २०२२-२३ पासून सहा जाऊ लागले. या पुढच्या फेरीला म्हणतात प्ले-ऑफ. ही वार्षिक परीक्षा. गंमत अशी की या परीक्षेला बसताना आधीचे गुण दाराबाहेर ठेवावे लागतात!

आता हे आकडे बघा. २०१९-२० मध्ये गोव्याने १८ सामन्यांत ३९ गुण मिळवले आणि पहिला नंबर पटकावला. चौथ्या नंबरावरच्या चेन्नईयन संघाचे गुण होते २९. उपांत्य फेरीत दोघांची गाठ पडली आणि पुढे गेला चेन्नईचा संघ. मग २०२४-२५ घ्या. गोवा दुसरा, गुण ४८. बेंगळुरू तिसरा, गुण ३८. पुन्हा उपांत्य फेरीत गाठ, आणि पुढे गेला बेंगळुरूचा संघ. दोन्ही वेळा आम्ही बरोबर दहा गुणांनी पुढे होतो, आणि दोन्ही वेळा घरी आम्हीच बसलो!

अकरा हंगामांपैकी आठ वेळा गोवा प्ले-ऑफमध्ये पोहोचला. त्यात दोनदा अंतिम सामन्यापर्यंत गेला, २०१५ मध्ये आणि २०१९ मध्ये. पण आयएसएलचा कप एकदाही हाती आला नाही. आता सांगा, आमच्या मुलांनी तो प्रश्न का विचारू नये?

हा अन्याय आहे का? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण मग मुंबईचा संघ आठवतो. २०२०-२१ मध्ये तो साखळीतही पहिला आला आणि कपही त्यानेच जिंकला. २०२४-२५ मध्ये मोहन बागानने तेच करून दाखवलं. म्हणजे दोन्ही परीक्षांत पास होता येतं. साखळीत कळतं, महिनोन् महिने नेटाने कोण खेळलं ते. प्ले-ऑफमध्ये कळतं, त्या एका संध्याकाळी पाय लटपटले असताना कोणाचं डोकं शांत राहिलं ते. दोन्ही गुण वेगवेगळे आहेत आणि दोन्हीही कमवावे लागतात.

बेरजेची गंमत

उपांत्य फेरीत दोन सामने होत आणि दोन्हींतल्या गोलांची बेरीज करत. या बेरजेमुळे काय काय घडतं पाहा.

२०१९ ची उपांत्य फेरी. गोवा विरुद्ध मुंबई. मुंबईतल्या सामन्यात गोवा ५-१ ने जिंकला. फातोर्ड्याला मुंबई १-० ने जिंकली. बेरीज ५-२. म्हणजे घरच्या मैदानावर हरूनही गोवा अंतिम सामन्यात! मुंबईच्या वाचकांनो, रागावू नका. तुमची पाळी पुढे येणारच आहे.

२०२० मध्ये उलटं झालं. चेन्नईत गोवा ४-१ ने हरला. फातोर्ड्याला मात्र गोव्याने सुरुवातीलाच दोन गोल चढवले. प्रेक्षकांच्या आशा पल्लवित झाल्या. दुसऱ्या अर्ध्यात चेन्नईने दोन गोल फेडले. शेवटी गोवा ४-२ ने जिंकला, पण बेरीज झाली ६-५, चेन्नईच्या बाजूने. सामना जिंकला आणि स्पर्धा हरली!

२०२५ ची गोष्ट तर ताजीच आहे. बेंगळुरूत गोवा २-० ने हरला. ६ एप्रिलला फातोर्ड्याला परतीचा सामना झाला. दुसरा अर्ध सुरू होताच बोर्हा हेरेराने पहिला गोल केला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा गोल केला आणि बेरीज २-२! स्टेडियम नुसतं दणाणून गेलं. आता जादा वेळ मिळणार असं सगळे धरून चालले. आणि भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला सुनील छेत्रीने डोक्याने चेंडू जाळ्यात ढकलला. बेरीज ३-२. चाळीस वर्षांचा माणूस आणि केवढी ती उडी! गोव्याच्या प्रेक्षकांची पंचाईत बघा. त्याच छेत्रीने भारताकडून गोल केला की आम्हीच टाळ्या पिटत होतो.

शेवटची काही मिनिटं

आता थोडं मन घट्ट करून दोन सामने आठवू या.

पहिला २० डिसेंबर २०१५ चा. अंतिम सामना, तोही फातोर्ड्यात, आपल्या लोकांसमोर. समोर चेन्नईयन. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने गोव्याला २-१ अशी आघाडी मिळाली. कप जवळजवळ हातात आला होता. ९० व्या मिनिटाला गोलजवळच्या झटापटीत चेंडू आपल्याच गोलरक्षकाला, लक्ष्मीकांत कट्टीमनीला लागून आत गेला. स्वयंगोल! २-२. आणि लगेच दोन मिनिटांनी चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा गोल केला. ३-२. कप चेन्नईला.

दुसरा सामना २४ एप्रिल २०२४ चा. उपांत्य फेरीचा पहिला सामना, पुन्हा फातोर्डा, समोर मुंबई. बोरिस सिंगने एक आणि ब्रँडन फर्नांडिसने एक, असे गोव्याचे दोन गोल. ८९ मिनिटं झाली तरी फलक सांगत होता २-०. मग ९० व्या मिनिटाला मुंबईच्या छांगटेने एक गोल केला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने दुसरा. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे! साधारण सहा-सात मिनिटांत २-० चं २-३ झालं. परतीचा सामनाही मुंबईने २-० ने जिंकला आणि पुढे कपही नेला. मुंबईच्या वाचकांनो, आता हसा हवं तितकं!

असं का होतं? याला नशीब म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण नीट पाहिलं तर त्यामागे कारणं दिसतात. आघाडीवर असलेला संघ नकळत मागे सरकतो. आता गोल करायचा नाही, फक्त सांभाळायचं, असं त्याला वाटू लागतं. मागे सरकलं की चेंडू समोरच्यांकडे जातो आणि खेळ आपल्याच गोलजवळ होऊ लागतो. पाय थकलेले असतात. समोरच्या संघाला गमावण्यासारखं काहीच उरलेलं नसतं, म्हणून तो बचाव सोडून सगळी माणसं पुढे आणतो. त्यात एक गोल झाला की एका बाजूला भीती शिरते आणि दुसऱ्या बाजूला बळ चढतं. पहिल्या गोलनंतर दुसरा लगेच होतो तो यामुळेच. पेपर लवकर सोडवून झाला म्हणून शेवटची दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसणारी मुलं तुमच्याही वर्गात असतीलच. त्यांना हे नक्की वाचायला द्या.

प्रतिस्पर्धी म्हणजे कोण?

गोवा आणि मुंबई यांचा हिशेब मोठा मजेदार आहे. २०१५ मध्ये फातोर्ड्याला गोव्याने मुंबईला चक्क ७-० ने हरवलं होतं. हाओकिप आणि डुडू या दोघांनीही त्या दिवशी तीन-तीन गोल केले होते. २०१९ चे ५-१ आपण आत्ताच पाहिलं. मग २०२१ मध्ये उपांत्य फेरीत बरोबरी सुटेचना. पेनल्टीवर मुंबई ६-५ ने जिंकली. करोनामुळे तो अख्खा हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला होता. आरोळ्या ठोकायला कोणी नाही, नुसता चेंडूचा आवाज!

पण त्या २०२१ च्या मुंबई संघाकडे जरा निरखून बघा. प्रशिक्षक कोण? सर्जिओ लोबेरा. आधीच्या हंगामात तो गोव्याचा प्रशिक्षक होता. त्याच्याबरोबर फॉल, जाहू, बूमूस हे खेळाडूही गोव्याहून मुंबईला गेले होते. आणि मंदार राव देसाई? म्हापशाचा मुलगा, २०१४ पासून सहा वर्षं गोव्याची जर्सी घातलेला. तोही मुंबईकडे! म्हणजे आमच्याच घरी शिकलेल्यांनी आमचीच परीक्षा घेतली. २०२४ च्या त्या सामन्यात मुंबईविरुद्ध गोल करणारा ब्रँडन त्याच वर्षी पुढच्या हंगामासाठी मुंबईत दाखल झाला. उलट बाजूही पाहा. २०१९ च्या अंतिम सामन्यात ११७ व्या मिनिटाला गोल करून बेंगळुरूला कप मिळवून देणारा राहुल भेके हा मूळचा मुंबईचा. २०२४ मध्ये तो मुंबईचा कर्णधार होता आणि २०२५ मध्ये पुन्हा बेंगळुरूच्या संघात. गोव्याला घरी पाठवणाऱ्या संघात तीनदा हाच गृहस्थ! आणि छांगटे? २०२० मध्ये आम्हाला बाहेर काढणाऱ्या चेन्नईकडून गोल करणाऱ्यांत तो होताच की.

म्हणून मी मुलांना सांगते, जर्सीला विरोध करा, माणसाचा राग धरू नका. जर्सी एका हंगामात बदलते. आज ज्याला नावं ठेवाल, तोच उद्या आपल्या संघात यायचा. मग तोंड कुठे लपवाल?

आता कट्टीमनीची गोष्ट पुरी करते. २०१५ च्या त्या स्वयंगोलनंतर त्याला काय वाटलं असेल, विचार करा. वास्कोचा मुलगा, घरचं मैदान, घरचे लोक आणि अंतिम सामना. पण त्याने हातमोजे खुंटीला टांगले नाहीत. पुढे तो हैदराबादच्या संघात गेला. २० मार्च २०२२ ला आयएसएलचा अंतिम सामना झाला तो हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यात. मैदान कोणतं? तेच फातोर्डा! सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीची वेळ आली. कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद ३-१ ने जिंकलं. ज्या मैदानावर त्याच्या हातून कप निसटला होता, त्याच मैदानावर सहा हंगामांनी त्याने कप उचलला. जर्सी आमची नव्हती. पण गोव्यातल्या कितीतरी घरांत त्या रात्री टीव्हीसमोर टाळ्या वाजल्या असणार. माझ्या घरात तरी वाजल्या!

पालकांसाठी दोन शब्द. सामना पाहताना पोरं आपल्याकडे बघत असतात. गोलरक्षक चुकला की आपल्या तोंडून काय निघतं, पंचाला आपण काय म्हणतो, हे सगळं ती टिपून घेतात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तेच शब्द एखाद्या चौथीतल्या गोलरक्षकाच्या कानावर पडतात. तो बिचारा मग पुन्हा गोलमध्ये उभाच राहत नाही. हरल्यावर वाईट वाटू द्या, रडू आलं तर रडू द्या. पण शिव्याशाप नकोत. एखादा कट्टीमनी आपल्याही गल्लीत असेल आणि त्याला अजून सहा वर्षं खेळायचं असेल.

मग आमच्या हाती काय उरलं?

बरंच काही! २०१५ मध्ये गोवा साखळीत पहिला आला होता, पण तेव्हा पहिल्या नंबराला वेगळं बक्षीसच नव्हतं. २०१९-२० पासून साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मानाची ढाल मिळू लागली, आणि ती पहिल्यांदा मिळवणारा संघ होता एफसी गोवा. तुम्ही विचारता तो प्रश्न मोठ्यांनाही पडला असावा बहुतेक! त्या पहिल्या नंबरामुळेच २०२१ मध्ये गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला. तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब. पहिल्याच सामन्यात कतारच्या अल रय्यानला त्याने ०-० असं रोखलं. अल रय्यानचे प्रशिक्षक होते लॉरें ब्लांक, १९९८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघातले. हे फळ वर्षभराच्या चाचण्यांचं, वार्षिक परीक्षेचं नव्हे.

शिवाय २०१९ चा सुपर कप आहे, २०२१ चा ड्युरँड कप आहे. आणि २०२५ मध्ये छेत्रीच्या त्या गोलनंतर महिनाही झाला नव्हता, तोच ३ मे रोजी भुवनेश्वरला गोव्याने जमशेदपूरला ३-० ने हरवून पुन्हा सुपर कप जिंकला. पहिला गोल आणि दुसरा गोल कोणाचा? त्याच बोर्हा हेरेराचा! एप्रिलमध्ये मान खाली घालून मैदान सोडलेली तीच माणसं मे महिन्यात कप घेऊन नाचत होती. मला तर हे फार आवडतं. हरल्यावर संघ चौथ्या दिवशी सरावाला जातो. आपणही तेवढंच करायचं. दुःख करायला तीन दिवस पुरे.

आता तुमच्यासाठी दोन कामं.

पहिलं गणिताचं. तुमचा संघ पहिला सामना १-३ असा हरला. परतीच्या सामन्यात जादा वेळ न खेळता पुढे जायचं असेल, तर किती गोलांच्या फरकाने जिंकावं लागेल? आणि नेमकी बरोबरी साधून जादा वेळ मिळवायचा असेल, तर किती? उत्तर वहीत लिहा आणि वरच्या सगळ्या उपांत्य सामन्यांच्या बेरजा स्वतः करून पडताळून पाहा.

दुसरं काम जरा अवघड. तुमच्या आवडत्या संघाचा कट्टर प्रतिस्पर्धी कोणता, ते ठरवा. मग त्या संघातला असा एक खेळाडू निवडा, ज्याचा खेळ तुम्हाला मनापासून आवडतो. का आवडतो, ते दहा ओळींत लिहून आम्हाला पाठवा. 'कोणीच आवडत नाही' हे उत्तर चालणार नाही हं!

गणिताचं उत्तर पुढच्या अंकात. तोवर खूप खेळा, आणि पंचांची शिट्टी वाजेपर्यंत मागे सरकू नका!